एक गाठ, तीन गावं आणि शेळ्यांची वही

लोक काशीला जाऊन येतात आणि गल्लीत प्रसाद वाटत प्रवासाचं सांगत बसतात. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी सोलापूर, हैदराबाद आणि पुणं एवढं फिरून आलो आणि तिन्ही ठिकाणी एकच देव बघितला: पांढऱ्या कोटातला, घड्याळाकडं बघणारा. प्रसादही तिन्हीकडं वेगळा. लोहाऱ्यातल्या कुणावर पुढंमागं याच वाटेनं जायची वेळ आली, तर वाट ओळखीची असावी म्हणून हे लिहून ठेवते. लिहायची सवय आहे. मी अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली, त्यातली निम्मी खरी होती.

लोहारा

सगळं चष्म्यापासून सुरू झालं. गावात आरोग्य शिबिर होतं. आमचे मालक मारुतीराव, वय त्र्याहत्तर, जन्मभर शेळ्या राखलेला माणूस, चष्मा फुकट मिळतोय म्हणून गेले. यांचा नंबर येईपर्यंत चष्मे संपले. एवढा वेळ रांगेत उभा राहिलोय तर रिकाम्या हातानं कशाला जायचं, म्हणून दंड पुढं करून रक्त देऊन आले. आठ दिवसांनी फोन आला: रक्तातला पीएसए म्हणून एक आकडा असतो, तो वाढलाय, सोलापूरला दाखवा. सोलापूरला दाखवलं. त्यांनी आतून सुईनं बारा बारीक तुकडे काढले आणि तपासायला पाठवले. बारांतल्या दोनांत सापडलं. प्रोस्टेटचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी गाठ असते, ती. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली तरी ती तिथं आहे हे मला ठाऊक नव्हतं. यांनाही नव्हतं.

यांना होत काहीच नव्हतं. पहाटे उठावं, दोन भाकरी फडक्यात बांधाव्या आणि चाळीस शेळ्या घेऊन माळावर जावं, हे चालूच होतं. पण गल्लीला कळलं आणि गल्ली आजारी पडली. जो येईल तो एकच म्हणे, "काढून टाका." शेजारची म्हणाली काढून टाका, पिठाच्या गिरणीवाला म्हणाला काढून टाका. ज्याला प्रोस्टेट पोटात असतं का पाठीत हे माहीत नाही, तोही काढायला तयार.

हे 'काढून टाका' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. अडतीस वर्षांपूर्वी ते माझ्याच तोंडात होतं.

त्या वेळची गोदावरीबाई तुम्ही बघायला पाहिजे होती. वय बत्तीस, सातवी पास, अंगणवाडीची बाई, गल्लीत सगळ्यांत शहाणी. कंबर दुखते आणि पांढरं जातं एवढीच तक्रार. लांबच्या एका दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, गर्भपिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल, काढून टाकू. शहाणी लगेच हो म्हणाली. आम्ही चौघी जीपमधून निघालो, वऱ्हाडाला निघाल्यासारख्या, सह्या करायला नवरे मागच्या फळीवर. हिनं तर नवी अबोली साडी नेसली होती. ऑपरेशनला! शुद्धीवर आल्यावर नर्सनं स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी आणून दाखवली, तर ही बाई म्हणते, "बया, केवढी मोठी!" जत्रेत भोपळ्याला बक्षीस लागावं तसा चेहरा करून. परत आल्यावर हिनं आणखी दोघींना पाठवलं. "काय दुखत न्हाय, जावा." एकीचं वय तीसही नव्हतं.

पुढं पस्तिशीत अंगातनं वाफा निघायला लागल्या, चाळिशीत हाडं कुरकुरायला लागली. मग अंगणवाडीत तपासायला येणारी नवी डॉक्टरीण म्हणाली, एवढ्या लवकर काढायची काय गरज होती? लेकरांना दिवसभर "हे काय? ते का?" विचारायला शिकवणारी बाई, आणि तिनं स्वतः एक साधा प्रश्न विचारला नव्हता: न काढली तर काय होईल?

या वेळी मी कपडे, भाकरी आणि तो प्रश्न घेऊन निघाले. साडी जुनीच नेसले.

सोलापूर

लोहाऱ्याहून सोलापूरची एसटी नळदुर्गावरून जाते. दोन्ही बाजूंना काढलेल्या तुरीची खुंटं आणि मध्ये कुठंतरी एक हिरवा ज्वारीचा तुकडा, पाखरं राखायला टांगलेल्या चकचकीत पट्ट्यांसकट. हे खिडकीतून लोकांच्या शेळ्या मोजत होते. "त्या पांढऱ्या पायाच्या बोकडाला खरूज हाय," एवढंच बोलले. स्वतःच्या पोटात काय आहे याची चौकशी नाही, पळत्या गाडीतून परक्या बोकडाची खरूज दिसते.

सोलापूरचे डॉक्टर वयानं मोठे, हात धुऊन आलेले, घाईतले. रिपोर्ट बघून म्हणाले, "आजोबांचं वय झालंय. खालच्या दोन्ही गोळ्या काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. त्यांच्यामुळंच हा आजार वाढतो."

मला समजायला वेळ लागला. यांना लागला नाही. यांनी उभ्या आयुष्यात शेकडो बोकड खच्ची केलेत. पंचक्रोशीतून यांना बोलावणं यायचं.

"म्हंजी खच्ची?" हे म्हणाले.

"भूल देऊन करतो," डॉक्टर म्हणाले.

"तेला भूल कशाला लागती साहेब? चिमटा असतो त्याचा. माझ्याकडं हाय घरी."

बाहेर बसलेला कंपाउंडर खोकला. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, न काढल्या तर काय होईल?"

"बाई, कॅन्सर आहे."

"व्हय, ते कळलं. न काढल्या तर?"

"इंजेक्शनं असतात दर तीन महिन्यांनी. पण तुमच्या भागातली माणसं दोन घेतात आणि तिसऱ्याला येत नाहीत. म्हणून आम्ही आपलं एकदाच काय ते करून टाकतो."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण उत्तराच्या जागी बसवलेलं होतं. नर्सनं कागद पुढं केला, "सही करा." मी वाचायला घेतला तर म्हणते, "मावशी, त्यात वाचायचं काय?" आमच्या यांनी तर पेनाकडं हातही नेला. "उरकून टाकू गं. चार शेळ्या व्यायला आल्यात."

मी पेन काढून घेतलं. घडी घालून कागदही पिशवीत टाकला, आणि म्हणाले, "आमचे तुकडे परत द्या. दुसरीकडं दाखवायचेत."

दवाखान्यातून तुकडे परत मागता येतात हे मला आमच्या नातीनं, प्राजक्तानं, पुण्याहून फोनवर सांगून ठेवलं होतं. काचेच्या पट्ट्या मिळाल्या आणि ज्यांत ते तुकडे बसवून ठेवतात त्या मेणाच्या दोन पांढऱ्या वड्या. त्या मी कागदात गुंडाळून माझ्या पानाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या.

मुक्काम माझ्या नणंदेकडं, आक्कांकडं. आक्का ऐंशीच्या, यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तेही जुन्या पद्धतीनं, आधी मेण लावून वर. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि वर टोमणा, हे त्यांच्याकडचं ताट. "मारुती लहानपणी झाडावरून पडला तवाच मी म्हणलं होतं, ह्येला आत कायतरी झालंय," म्हणाल्या. पासष्ट वर्षांपूर्वीच्या झाडाला सुद्धा सोडलं नाही.

सकाळी मी आंघोळ करून येते तर आक्का आरशापुढं बसलेल्या, माझी पानाची डबी उघडी, आणि बोटात मेणाची एक वडी. नखानं खरवडत होत्या.

"गोदा, तुझं मेण लई कडक गं. कपाळाला लागतच न्हाय."

"आक्का! ठेवा ते! ते मेण न्हाय, तुमचा भाऊ हाय!"

आक्कांनी आधी वडीकडं बघितलं, मग दारात भाकरीचा तुकडा तोंडात धरून उभ्या असलेल्या भावाकडं. मग वडी अशी ठेवली की जणू ती चावणार होती. दिवसभर कपाळ धूत होत्या. निघताना मात्र यांच्या तोंडावरनं हात फिरवून मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "ते डॉक्टर म्हणतोय तसं नको करूस गं. आपल्या आबांनी बोकड खच्ची केल्यावर तो दोन दिवस कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. मारुतीला तसं उभं राहिलेलं मला बघवणार न्हाय."

साऱ्या सोलापुरात न काढण्याचं एवढंच एक कारण मला मिळालं, आणि ते डॉक्टरकडून नव्हे.

हैदराबाद

आमचे जावई हैदराबादेत कंपनीत आहेत. ते फोनवर म्हणाले, "मामी, सोलापूर काय घेऊन बसलात? इथं रोबोट आहे." मारुतीच्या देवळात नवी घंटा बसल्यासारखं सांगत होते.

उमरगा सोडलं की पाट्या कानडी होतात, जहिराबादेत तेलुगू, आणि हैदराबादेत बोलणं पुन्हा आपल्या ओळखीचं. निजामाच्या राज्यात आमची आजी जशी बोलायची तसंच इथली रिक्षावाली माणसं बोलतात. जावयांनी इराणी हॉटेलात चहा पाजला, सोबत उस्मानिया बिस्किटं. मी म्हणाले, "ज्या निजामाचं नाव ह्या बिस्किटाला, त्याच निजामाचं आमच्या जिल्ह्याला होतं. आम्ही बदललं, ह्यांनी ठेवलं."

"बिस्किट चांगलं हाय म्हणून ठेवलं असंल," हे म्हणाले आणि चौथं उचललं.

दवाखाना असा की चपला काढाव्या का नाही हा प्रश्न पडावा. कारंजं, गारवा, वासाची फुलं. डॉक्टरांच्या आधी एक मुलगी भेटते, तिचं काम फक्त गोड बोलायचं. तिनं एक रंगीत पुस्तिका दिली. वर पांढऱ्या केसांचा एक म्हातारा आणि म्हातारी दोघं सायकलवर हसत चाललेले. हे बराच वेळ ते चित्र बघत होते.

"मला सायकल येत न्हाय," ते मला हळूच म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर येती का काय?"

डॉक्टर तरुण, हसरे. टीव्हीवर रोबोटचे चार हात दाखवले, एखाद्या कोळ्यानं जाळं विणावं तसे चालणारे. जावई मान डोलवत होते. मी विचारलं, "साब, नहीं निकाले तो क्या होगा?"

"अम्मा, रिस्क कायकू लेना? इतनी अच्छी मशीन है."

"मशीन का नहीं पूछी. इनका पूछी."

ते हसले. जावयांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. मग मी विचारलं, निकालने के बाद क्या होता? तेव्हा गोड बोलणाऱ्या मुलीनं, आवाज आणखी गोड करून, सांगितलं की काही दिवस डायपर लागेल. काही जणांना काही महिने. काही जणांना, अम्मा, जरा जास्त. बाकीचं तिनं इंग्रजीत जावयांना सांगितलं आणि जावयांचे कान लाल झाले, त्यावरून मला समजलं. सायकलच्या चित्रात त्यातलं काहीच नव्हतं.

लेकीच्या घरी जेवायला बसलो तर हे वहीत डोकं घालून फोनवर. यांची एक वही आहे, वरच्या खिशात कायम असते. शेळ्यांची. मीच अंगणवाडीच्या रजिस्टरावरून रकाने आखून दिले होते: तारीख, शेळीचं नाव, कोणती लस, पुढची तारीख. यांचं शिक्षण तिसरी. अक्षर म्हणजे मुंगळे चालल्यासारखं. पण वही चुकत नाही. घरी आमचा पुतण्या बाळू शेळ्या सांभाळत होता, त्याला हे सांगत होते, "परवा बुटकीला जंताचं औषध. काळीला नगं, ती गाभण हाय. लिवून घे."

जावई म्हणाले, "मामा, तुमचं ऑपरेशन ठरवतोय इथं, आणि तुम्ही शेळ्यांचं काय लावलंय?"

"तुमी ठरवा की," हे म्हणाले. "माझ्याबिगर ठरतंयच सगळं."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. पण माझा घास हातातच राहिला. सोलापूरला मी पेन काढून घेतलं, इथं जावई तारीख ठरवत होते, आणि ज्याच्या पोटात गाठ तो शेळीच्या पोटाची काळजी करत होता, कारण तेवढीच त्याला विचारून होत होती. यांना काय हवं हे मीही विचारलं नव्हतं. बत्तिशीतली शहाणी गेली, सत्तरीतली आली, एवढाच काय तो फरक.

मी म्हणाले, "जावईबापू, तारीख नगं. आम्ही पुण्याला जाऊन येतो." जावई दोन दिवस माझ्याशी फक्त पाणी विचारण्यापुरते बोलले.

पुणं

पुण्यात प्राजक्ता कॉलेजात शिकते. तिनं एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंची वेळ घेऊन ठेवली होती. पुण्यात आजारी पडायचं तरी आधी फोन करून वेळ घ्यावी लागते.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. पळायचे बूट, मांडीवर फाइल, फाइलला रंगीबेरंगी पट्ट्या चिकटवलेल्या. वय यांच्याएवढंच. यांनी सवयीनं विचारलं, "काय दुखतं?"

"काही नाही," ते म्हणाले. "मी सर्व्हेलन्सवर आहे." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की आधी मला वाटलं, हे त्यांच्या कॉलनीचं नाव असावं. मग त्यांनी फाइल उघडून दाखवली. बारांतल्या दोन तुकड्यांत, कमी जोराचा, गाठीच्या आतच. अक्षरन् अक्षर आमचाच रिपोर्ट. चार वर्षं झाली, त्यांचं काही काढलेलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, ठरल्या वेळी पुन्हा तुकडे बघायचे. वाढलं तर उपचार, नाही वाढलं तर पळायला जायचं.

मी त्या फाइलकडं बघत राहिले. सोलापुरात खच्ची, हैदराबादेत रोबोट, आणि इथं हा माणूस बूट घालून फिरतोय.

आत गेलो. डॉक्टर बाई साठीच्या, केस पिकलेले, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. काचा आणि वड्या त्यांनी आधीच तपासून घेतल्या होत्या.

"एका वडीवर ओरखडा आहे. हा कसला?"

"आमच्या नणंदेचं नख आहे," मी म्हणाले आणि कुंकवाचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, पण चहा त्यांनी चटकन बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तपासणीला अडचण आली नाही. रिपोर्ट बरोबर आहे. आपण किरणांचा शेक देऊ. दीड-दोन महिने रोज यावं लागेल."

म्हणजे तिसरा प्रसाद.

"न दिला तर?"

त्यांचं पेन थांबलं. तीन गावांत माझ्या प्रश्नानं थांबलेलं हे पहिलं पेन.

"बाहेर एक बूटवाले काका बसलेत," मी म्हणाले. "त्यांचं आणि ह्यांचं एकच हाय. त्यांना थांबा आणि आम्हाला शेक? आजार माणसाला होतो का पत्त्याला?"

प्राजक्तानं माझ्या कोपराला चिमटा काढला. बाई मात्र खुर्चीत मागं टेकल्या आणि खरं ते बोलल्या.

"आजी, न दिला तर बहुतेक काहीच होणार नाही. हा फार हळू वाढतो. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. म्हणून लक्ष ठेवावं लागतं. ते काका चार वर्षांत एकदाही चुकले नाहीत. तुमच्याकडच्या माणसांना मी आधी हेच सांगायचे. पहिल्या वेळेला येतात. मग सुगी असते, लग्न असतं, गाडी चुकते. बरं वाटतंय म्हणून येतच नाहीत. आणि येतात तेव्हा आजार हाडात गेलेला असतो. म्हणून मी सांगणं सोडलं."

मला उलटून बोलायचं होतं आणि बोलता येईना. कारण त्या खोट्या बोलत नव्हत्या. माझ्याच रजिस्टरात दुसऱ्या डोसाला न आलेल्या लेकरांची नावं मी 'आली' म्हणून भरलेली आहेत. सोलापूरच्या डॉक्टरला मी मनातल्या मनात आठवडाभर शिव्या घालत होते. त्याला असं वागायला आम्हीच शिकवलं होतं.

मी यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "अवो, वही द्या."

"कंची?"

"शेरडांची."

यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. घामानं आणि शेळ्यांच्या वासानं भरलेली. बाईंनी चष्मा घातला आणि उघडली. पीपीआर, आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी, जंताचं औषध. पानामागून पान, वर्षामागून वर्ष.

"ही बुटकी कोण?"

"शेळी हाय. लस टोचली की दोन दिवस रुसती. दूध देत न्हाय."

बाईंनी आणखी चार पानं उलटली. मग बोट ठेवलं. "इथं एक तारीख चुकलीय."

यांनी वाकून बघितलं. "त्या दिवशी आमची आई गेली," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दिली."

बाईंनी वही मिटली. मग बाई माझ्याकडं नाही, जावयांना फोन लावायला निघालेल्या प्राजक्ताकडं नाही, यांच्याकडं वळल्या. "आजोबा, तुम्हाला काय करायचंय? नीट ऐका. आत्ता काही करायचं नाही, पण सोडायचंही नाही. दर सहा महिन्यांनी इथं यायचं. वर्षानं पुन्हा सुईनं तुकडे. आणि वाढलं तर मी सांगेन तेव्हा शेक घ्यायचा, तेव्हा शेळ्यांचं कारण चालणार नाही."

तीन गावांत यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी ते आत हाय, आणि आपण निसती राखण करायची?"

"हो. राखण."

"वाट सोडून गेलं तर हाणायचं."

"तेव्हा हाणू."

"मंग ते माझंच काम हाय," हे म्हणाले. "तुमी तारीख लिवा."

बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडलं. रकाने मीच आखलेले होते. शेळीच्या नावाच्या रकान्यात त्यांनी 'मारुतीराव' लिहिलं आणि पुढच्या तारखेच्या रकान्यात तारीख.

परत

गल्लीत आलो तर शेजारीण दारातच. "कुठं काढलं? सोलापूरला का हैदराबादला?"

"कुठंच न्हाय."

"मग गेला होता कशाला?" तिला खरंच वाईट वाटलं. एवढा प्रवास करून काहीच न काढता परत येणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं. आजही गल्लीत काही जणांचं ठाम मत आहे की म्हातारीनं पैसे वाचवायला चिंधीचोरपणा केला. म्हणू देत. चोरपणा मी रजिस्टरात केला, यात नाही.

सहा महिने गेले. तारीख आली ती नेमकी शेळ्यांच्या विण्याच्या दिवसांत. मी मुद्दाम काही बोलले नाही, बघावं म्हटलं. सकाळी उठून बघते तर हे धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, वही खिशात, उंबऱ्यावर बसलेले. "एसटी जाईल ना गं, चल की," उलट मलाच.

पुण्यात रक्त दिलं, आकडा जवळपास तोच निघाला. बाईंनी दारातून बघितलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "आलात?" त्यात एवढं आश्चर्य होतं की मला अपमान वाटायला हवा होता. यांना मान वाटला.

येताना सोलापूर मागं पडलं, नळदुर्ग जवळ आलं. खिडकीबाहेर नुकतीच पेरलेली काळी रानं. हे बराच वेळ शेळ्या मोजत नव्हते, म्हणून मला शंका आली.

"गोदे," हे म्हणाले. "तुझी पिशवी काढली, तवा कागदावर सही माझी होती."

"व्हय. अंगठा न्हवे, सही. लई ऐटीत केली होती."

"म्या बी विचारलं न्हवतं. न काढली तर काय हुईल म्हणून." ते खिडकीकडंच बघत होते. "त्या दिवशी मुरुम गावचा जनावरांचा बाजार होता. एक बोकड बघून ठेवला होता. दुसरं कुणी नेईल म्हणून सही केली आणि पळालो."

अडतीस वर्षं मला वाटत आलं होतं की त्या दवाखान्यात मूर्ख बाई एकटीच होती. अबोली साडीतली. आता कळलं, तिच्या कागदावर घाईत सही करून मुरुमच्या जीपमागं पळणारा एक मूर्ख माणूसही होता. तेवढ्यानं का होईना, त्या बाईचं ओझं थोडं हलकं झालं.

"बोकड कसा निघाला?" मी विचारलं.

यांनी मान खाली घातली.

"लंगडा निघाला गं."

"बरं झालं," मी म्हणाले, आणि पिशवीतून शेंगाची चटणी आणि भाकरी काढून यांच्या हातावर ठेवली.